हूक तेवढा सोन्याचा

दागिना कुणी हातात दिला की मी आधी तो उलटा करते. पुढून सगळेच देखणे असतात, पितळेचेसुद्धा. कारागिरानं काम मन लावून केलंय की नुसतं उरकलंय, ते पाठीवर दिसतं. नगरच्या सराफ बाजारातल्या एका पेढीवर मी एकोणीस वर्षं काउंटरला उभी होते. नवरा ऐन तिशीत गेला, तेव्हा भिंगारच्या दोन खोल्या आणि कपाटातलं थोडं सोनं एवढंच माझ्या नावावर होतं. पेढीच्या शेठना बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं होतं आणि मला पगार हवा होता. पहिली दोन वर्षं मी ट्रे पुसले आणि कान उघडे ठेवले. पुढं पुढं शेठच मला हाक मारायला लागले, "बाई, जरा हे बघा बरं."

मी तोंडाची फटकळ. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, दातानं चावून बघू का?" मी म्हणायचे, "चावा की, दात तुमचे हायत." शेठ कपाळाला हात लावायचे, पण गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या वेळी मलाच शोधत यायचं.

अलीकडं पोरींना ठुशी, पोहेहार नको असतो. मोबाईलवर फोटो पुढं करतात आणि विचारतात, असा डिझायनर सेट हाय का? मोठ्या कंपन्यांचे हे सेट असतात. कुंदन, मोती, मागं मीनाकाम, आणि घडणावळ अशी की ऐकून घाम फुटावा. नवीन सेट आला की चार-सहा महिन्यांत त्याची नक्कल बाजारात उतरते. नक्कल करणारेही काही येडे नसतात. वजन बरोबर भरतं, डबीसुद्धा तशीच मखमली असते. पण खऱ्या कुंदनात खडा सोन्याच्या पातळ पट्टीनं चारी बाजूंनी दाबून बसवलेला असतो. नकलेत तो चिकटवतात, आणि चिकट्याची पिवळट कड खड्याच्या बुडाशी राहून जाते. खऱ्या साखळीची प्रत्येक कडी झाळून बंद केलेली असते. नकलेतली नुसती दाबलेली असते, नखानं चाचपलं की फट लागते.

सगळ्यात मोठी चलाखी असते ती हुकात. दागिना तपासायचा तर सराफ हुकाच्या बाजूनं तपासतो, कारण तिथं चरा पडला तरी दिसत नाही. हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते हूक तेवढा खऱ्या सोन्याचा लावतात. हॉलमार्कचा शिक्काही त्यावरच असतो, आणि तो खरा असतो. कुठल्या तरी अंगठीवरचा शिक्क्याचा तुकडा कापून तिथं बेमालूम झाळलेला असतो. कसोटीवर घासा, मशिनीखाली धरा, हूक पास होतो. बाकी सगळा सेट पितळ आणि वर मुलामा.

हे सगळं मला येत होतं, म्हणून भावकीत मला मान होता. कुणाकडं लग्न निघालं की सोनं घ्यायला आधी मला बोलावणं. पाथर्डीकडच्या बायका सकाळच्या एसटीनं येऊन थेट पेढीवर उतरायच्या आणि मी हो म्हटल्याशिवाय पिशवीतून पैसे काढायच्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. विधवा बाईला कार्यात पुढं घेतील अशा जागा थोड्या असतात. माझी तेवढी एक होती.

पेढीवर एक नियम होता. दुसऱ्याच्या दागिन्याला चारचौघांत नाव ठेवायचं नाही. सुरुवातीला मी एकदा मोडीला आलेल्या बांगड्या बघून भर दुकानात म्हणाले होते, "बाई, हे तर पितळ." ती बाई जावेला घेऊन आली होती. बांगड्या माहेरनं आलेल्या. जाऊ तोंडाला पदर लावून हसली आणि ती बाई बांगड्या तशाच टाकून निघून गेली. त्या दिवशी शेठ मला फाडून बोलले. म्हणाले, "खोटं असलं तर बाजूला घेऊन सांगायचं. माणसाची इज्जत काउंटरवर काढायची नाही." मी ते मनावर घेतलं. इतकं घेतलं की ते माझ्या हाडामांसात गेलं, आणि त्यानंच पुढं वाटोळं केलं.

माझा धाकटा भाऊ पाथर्डीच्या बाजूला एका शाळेत क्लार्क. त्याला एकच मुलगी. मी तिची आत्या. फार्मसीचा डिप्लोमा केलेली, रंगानं सावळी, हसली की डोळे बारीक होणारी पोर. तिची एक सोयरीक आधी ठरून मोडली होती, मुलाकडच्यांनी ऐन वेळी पाय मागं घेतला होता. त्यानंतर भाऊ वर्षभर मान खाली घालून फिरला. अशात संगमनेरकडचं स्थळ आलं. बारमाही बागायत, घरचा दुधाचा धंदा, दारात दोन गाड्या. आमच्या कोरडवाहू मुलखातून तिकडं पोरगी देणं म्हणजे लोक भावाला रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "कसं काय जमवलं?" हुंडा नको म्हणाले ते. उलट मुलीच्या अंगावर आम्ही डिझायनर सेट घालणार, असं आधीच सांगून टाकलं, कंपनीच्या नावासकट. भावानं ते सगळ्या गावाला सांगितलं.

साखरपुडा नगरला, मनमाड रोडच्या एका हॉलमध्ये होता. आमच्याकडं रीत आहे. मुलाकडचा दागिना ताटात ठेवून मुलीकडच्या बायकांत फिरवतात. प्रत्येकीनं तो उचलून तळव्यावर घ्यायचा, एक चांगला शब्द बोलायचा आणि ताट पुढं सरकवायचं. मग मुलाची आई तो मुलीच्या गळ्यात घालते. ताट फिरत फिरत माझ्यापाशी आलं. मुलाची आई स्वतः माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उंच, गोरी बाई, नऊवारी नेसलेली, हातात फक्त काचेच्या बांगड्या. एवढ्या घरच्या बाईच्या हातात सोनं का नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो तिथंच सोडून दिला मी.

"आत्याबाई, तुम्ही यातल्या जाणत्या," ती म्हणाली. "तुम्ही बघा. तुम्ही बोललात की मग घालते."

मी सेट उचलला आणि सवयीनं उलटा केला. पिवळट कड दिसली. एका खड्याखाली नाही, सगळ्यांखाली. कडीवरून नख फिरवलं, फट लागली. हूक मात्र लखलखीत होता आणि त्यावर शिक्का. मला क्षणात कळलं. मशीन लावायची गरज नव्हती.

पहिल्यांदा आला तो संताप. वाटलं, आम्हाला कोरडवाहू समजून बनवायला आलेत. हुंडा नको म्हणून मोठेपणा मिरवला आणि गळ्यात पितळ घालतायत. ताट त्या बाईच्या अंगावर भिरकावून द्यावं असं वाटलं. मी मान वर केली तर समोर भाऊ. नवा शर्ट, खिशाला पेन, हात जोडलेले, आणि नजर माझ्या तोंडाकडं. त्याच्या पलीकडं पाटावर बसलेली पोर. तीही माझ्याकडंच बघत होती, आणि हसत होती. हॉलमध्ये माणूस गच्च भरलेला.

चारचौघांत नाव ठेवायचं नाही. बाजूला घेऊन सांगायचं.

"चांगला हाय," मी म्हणाले. एवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण वर म्हणाले, "घसघशीत हाय. काम नामी केलंय."

त्या बाईचा चेहरा उजळला. मी तो चेहरा बघून मनात म्हटलं, सुटली बया, चोरी लपली तिची. मी तुमची अब्रू झाकली, आता तुम्ही आमची पोर नीट नांदवा, असा एक हिशेब मी मनाशी जुळवला. त्यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि मी गप्प बसले हेही त्यांना माहीत आहे, असंच मी धरून चालले.

मग भावाला बाजूला घेऊन सांगायचं राहिलं. त्या दिवशी पंगती उठत होत्या. आठ दिवसांनी गेले तर तो पत्रिका वाटत होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्याला मांडवामागं बोलावलं, आणि तो म्हणाला, "आक्का, तू हुतीस म्हणून निभावलं. तुझ्या एका शब्दानं त्या बाईनं सगळ्यांसमोर मान तुकवली." त्याचे डोळे भरलेले. मी म्हणाले, "जा, पाहुण्यांचं बघ." आपण भित्रे आहोत हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पोर नांदायला गेली. वर्षानं तिला मुलगी झाली. फोनवर ती फार बोलत नसे. दिवाळीला आली तेव्हा दंडावर हिरवा वण होता. गाईनं ढकललं म्हणाली. नवरा तापट आहे, हे हळूहळू कळत गेलं. मेडिकलमध्ये नोकरी करते म्हणाली तर त्यानं ताट फेकलं. नंतर हातही टाकायला लागला. सासू मधे पडायची, असं पोर सांगायची. मला ते खरं वाटायचं नाही. जी बाई पितळेवर सोन्याचा हूक लावते ती काय मधे पडणार, असं मी म्हणायचे, मनातल्या मनात.

मुलगी दोन वर्षांची झाली असेल. एका दुपारी मी काउंटरला उभी असताना पोर पेढीवर आली. एकटी. डोक्यावरनं पदर, खांद्याला पर्स. पर्समधून तिनं ती मखमली डबी काढून काचेवर ठेवली.

"आत्या, मोड करायचीय," ती हळू आवाजात म्हणाली.

तिनं सगळं ठरवलं होतं. सेट मोडायचा, नगरला एक खोली घ्यायची, अनामत भरायची, मेडिकलमध्ये कामाला लागायचं, आणि मग मुलीला घेऊन यायचं. मुलीला सासूजवळ ठेवून, माहेरची पूजा आहे असं सांगून ती आली होती. "तीन महिने मी फक्त ह्या सेटकडं बघून काढलेत," ती म्हणाली. "मार खाताना सुद्धा मनात म्हणायचे, हाय माझ्याकडं. कपाटात हाय."

शेठ आत होते. मी डबी घेऊन मागच्या मशिनीवर गेले. न तपासताच परत यायचं होतं मला, पण पोर मागोमाग आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. हूक धरला, मशिनीनं सोनं दाखवलं. मग मधलं पान, म्हणजे पदक, धरलं. मशिनीवर आकडा आला तो पितळेचा. मोबाईलमध्ये सरकारी ॲपवर शिक्क्याचा सहा अक्षरी नंबर टाकला. तो नंबर एका अंगठीचा निघाला.

पोरीनं आकडा वाचला. मग माझ्याकडं वळली. "पण तू चांगला म्हणाली होतीस."

तेव्हा सांगायचं होतं. बाजूलाच होतो आम्ही, चारचौघं नव्हती, शेठचा नियमही आड येत नव्हता. पण तिनं 'तू चांगला म्हणाली होतीस' हे अशा आवाजात म्हटलं की मला तोंडच दाखवता येईना. मी म्हणाले, "तेव्हा चांगलाच होता बाय. त्यांनी मागनं बदलला असंल."

ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेला निदान भाऊ होता, हॉल होता. ह्या वेळी मी फक्त माझी लाज वाचवली.

पोर तशीच संगमनेरच्या गाडीत बसली. घरी जाऊन तिनं सासूपुढं डबी आदळली आणि म्हणाली, माझा सेट तुम्ही बदललात. सासू म्हणाली, कपाटाची किल्ली तुझ्याकडं, मी कशी बदलणार? नवरा आला. त्यानं विचारलं, तू सेट घेऊन नगरला गेली कशाला? एवढ्यावर सगळं उलटलं. पोरीनंच खरा सेट माहेरी विकला आणि खोटा आणून ठेवला, असं ठरलं. तिला नेसत्या लुगड्यावर घराबाहेर काढलं. मुलीला आत ठेवून घेतलं आणि दार लावलं.

आठ दिवसांनी बैठक बसली. त्यांच्याच ओसरीवर. त्यांचे चार भाऊबंद, आमच्याकडून भाऊ, दोन पाहुणे आणि मी. पोर बाहेर गाडीत बसून होती, आतून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता. भाऊ काही बोलायच्या आत सासू पुढं आली. मी तिला साखरपुड्यात पाहिली त्यापेक्षा ती खूप वाळली होती.

"ह्या आत्याबाई सराफाकडं असतात," ती बैठकीला म्हणाली. "ह्यांनी सगळ्यांसमोर सेट उलटा करून बघितला. चांगला हाय म्हणाल्या. होय का नाही ते त्यांनाच विचारा." मग ती माझ्याकडं वळली आणि तिचा आवाज फाटला. "माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या मोडल्या हो मी त्यासाठी. नाशिकला हॉटेलात प्रदर्शन लागलं होतं, तिथनं घेतला. मला यातलं काय कळतंय? मनात धाकधूक होतीच. म्हणून तर ताट घेऊन तुमच्यापुढं उभी राहिले. तुम्ही चांगला म्हणालात, तवा कुठं माझा जीव खाली पडला."

मला साखरपुड्यातले तिचे सोन्याविना हात आठवले. तिला माहीत नव्हतं. तिला फसवलं होतं, आणि ती मला विचारायला आली होती. मी तिला चोर समजून तिची चोरी झाकली होती. त्याच दिवशी बोलले असते तर ती बाई दुसऱ्या सकाळी नाशिकला जाऊन प्रदर्शनवाल्याच्या नरडीला हात घालून आली असती. तेवढी खमकी होती ती.

मी उभी राहिले. सगळं सांगितलं. पिवळी कड, नखाला लागलेली फट, हूक, अंगठीचा नंबर. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी खोटं बोलले, असं स्पष्ट सांगितलं. दोन्ही वेळा, असंही सांगितलं.

त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, दम खात, अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, पोरीची आत्या तुम्ही. तिला वाचवायला तुम्ही बोलणारच. तुमचं चुकलं असं न्हाई. पण एवढा खोटा माल तुमच्या नजरेला पडला आणि तुम्ही भाचीच्या गळ्यात पडू दिला, हे कोण खरं मानंल?"

कुणीच मानलं नसतं. मी सासूकडच्या प्रदर्शनाच्या बिलावरचा फोन नंबर लावायला सांगितला. लागला नाही. फोन लागत नाही म्हणजे माल खोटा होत नाही, म्हणाले. मी भावाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यालाही वाटत असावं की मी पोरीसाठी अंगावर घेतेय. का त्याला खरं वाटलं होतं आणि म्हणून बघत नव्हता, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

निकाल असा झाला. फारकत घ्या. ज्याचे दागिने त्याला. सेट आणून द्या आणि मुलगी घेऊन जा. भाऊ उठून म्हणाला, कोर्टात जाऊ. गाडीपाशी येऊन त्यानं पोरीला तेच सांगितलं. ती म्हणाली, "कोर्ट उठेस्तोवर माझी पोर मोठी हुईल, अप्पा. मला ती आत्ता पाहिजे."

मग मी माझं कपाट उघडलं. पाटल्या, नवऱ्याच्या माघारी ठेवलेलं मंगळसूत्र, पेढीवर दर वर्षी थोडं थोडं घेतलेलं चोख सोन्याचं वळं. शेठनीच ते मोडून घेतलं. काही विचारलं नाही त्यांनी. ते घेऊन मी आणि भाऊ पुण्याला त्या कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. तो सेट त्यांच्याकडं अजून होता. काउंटरवरच्या मुलीनं तो काळ्या मखमलीवर ठेवला आणि मला समजावून सांगायला लागली, मावशी, याच्या नकला फार निघाल्यात, पाठीमागून असं बघायचं, खडा असा दाबलेला असतो, आणि नंबर हुकावरच नाही, मधल्या पानाच्या पाठीवर पण असतो. मी सगळं ऐकून घेतलं. हो हो म्हणाले. मान्य करते, त्या कंपनीचा अस्सल दागिना मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरत होते. मागचं मीनाकाम पुढच्यापेक्षा देखणं होतं.

सेट द्यायला पुन्हा त्याच ओसरीवर गेलो. त्यांनी गावातला सराफ बोलावून ठेवला होता. त्यानं हूक बघितला, पान बघितलं, नंबर टाकला. म्हणाला, अस्सल आहे. सासूनं डबी हातात घेतली, सेट खूप वेळ बघितला. तिला तो ओळखू आला. येणारच, नक्कल त्याचीच होती.

"बघा," ती भाऊबंदांना म्हणाली. रडत होती ती. "हाच. हाच माझा सेट. होता का न्हाई तिच्याकडं? इतके दिवस लपवला आणि पोटच्या पोरीसाठी काढून दिला शेवटी."

मी बिल पुढं केलं. ओरडून सांगितलं, परवाची तारीख बघा, माझं नाव बघा. म्हाताऱ्यानं बिल हातानंच बाजूला सारलं. "असू द्या बाई. झालं गेलं. आता वाढवू नका." त्यांच्या दृष्टीनं तो मोठेपणा होता. आतून कुणीतरी मुलीला आणून पोरीच्या हातात दिलं. पोरीनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि मागं न बघता गाडीकडं गेली. मी ओसरीवर बिल धरून उभी. जे द्यायला आले होते त्यानंच तिला कायमची चोर करून ठेवली, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ही गोष्ट संगमनेरात राहिली नाही. सोयऱ्याधायऱ्यांतून ती पाथर्डीला गेली, नगरलाही आली. भाची सावेडीत एका खोलीत राहते. माझ्याकडं भिंगारला ये म्हटलं, तर नको म्हणाली. एका मेडिकलमध्ये लागली होती. महिन्याभरानं मालकानं तिला गल्ल्यावरनं उठवून मागं, गोळ्यांची खोकी लावायला बसवलं. कारण सांगितलं नाही. कारण तिला माहीत होतं. मी पेढी सोडली. शेठ नको म्हणत होते, पण माझ्या हातात कुणी दागिना दिला की मला बघवेना. भावकीतल्या बायका आता दुसऱ्या कुणाला तरी बरोबर नेतात. त्याचं मला काही वाटत नाही. खोटं बोलले, वाटतं.

रविवारी मी सावेडीला जाते. भाची मला दार उघडते, चहा करते, मुलीला माझ्या मांडीवर देते. सासरचं काही बोलत नाही, सेटचं तर नाहीच. मीही बोलत नव्हते. परवाच्या रविवारी मला राहवलं नाही. ती मुलीला वरणभात भरवत होती. मी म्हणाले, "मला माफ कर गं. माझ्यामुळं झालं सगळं."

ती जरा वेळ भात कालवत राहिली. "एक विचारू, आत्या?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी हॉलमध्ये तू खरं सांगितलं असतंस, तर काय झालं असतं?"

मी विचार केला. भाऊ, त्याचे जोडलेले हात, हॉल, पंगती, गावातलं बोलणं. सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"लग्न मोडलं असतं," मी म्हणाले.

"अजून?"

"अजून काही नाही."

तिनं मान हलवली आणि मुलीच्या तोंडात पुढचा घास दिला.